वाटाणा आणि स्वीट पी: एक वेल खायची, एक नुसती बघायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

वाटाणा आणि स्वीट पी शेजारी शेजारी लावले की सुरुवातीचे काही आठवडे दोन्ही वेली जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. फुलं आली की माणसं वास घेत उभी राहतात आणि शेंगा धरल्या की प्रश्न सुरू होतात. त्यातला पहिला प्रश्न कायम तोच असतो, म्हणून तोच आधी घेतला आहे.

स्वीट पीच्या शेंगा खाता येतात का?

नाही. शेंगा नाहीत, दाणे नाहीत, फुलं नाहीत आणि कोवळे शेंडेही नाहीत. शिजवून, भाजून, वाळवूनही नाही.

गोंधळ नावानं घातलेला आहे. 'स्वीट' म्हटलं की आपल्याला गोडी आठवते, पण इथे ते वासाबद्दल आहे. शास्त्रीय नाव लॅथायरस ओडोरेटस. ओडोरेटस म्हणजे सुवासिक. त्यात भर म्हणजे खायच्या वाटाण्याच्या काही पाकिटांवरही 'स्वीट' हा शब्द असतो. म्हणून पाकिटावरच्या मोठ्या अक्षरांपेक्षा खालचं शास्त्रीय नाव वाचायची सवय लावून घ्या. पायसम सटायव्हम असेल तर तो वाटाणा. लॅथायरस ओडोरेटस असेल तर ते फुलझाड, मग वर चित्र काहीही असो.

त्यात नक्की विषारी काय आहे?

बियांमध्ये बीटा-अमिनोप्रोपिओनायट्राइल या द्रव्याचं एक संयुग असतं. ते १९५४ साली स्वीट पीच्या बियांतून वेगळं काढण्यात आलं. ते काय करतं हे समजायला आधी शरीरातली एक साधी गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हाडं, कूर्चा, रक्तवाहिन्यांच्या भिंती यांना ताकद येते ती कोलॅजन आणि इलास्टिनच्या धाग्यांमुळे. हे धागे नुसते तयार होऊन भागत नाही, ते एकमेकांना आडवे बांधले जावे लागतात. ही गाठ मारण्याचं काम लायसिल ऑक्सिडेज नावाचं विकर करतं आणि हे द्रव्य नेमकं त्या विकरालाच अडवतं. धागे तयार होत राहतात, पण सुटेच राहतात. बाजेची सुंभ विणलीच नाही, नुसती पसरून ठेवली तर जे होईल तेच.

प्रयोगशाळेत वाढीच्या वयातल्या उंदरांना स्वीट पीच्या बियांचा आहार दिला तेव्हा त्यांचे कणे वाकले, हाडं वेडीवाकडी झाली आणि काहींची महाधमनी फाटली. या विकाराला ऑस्टिओलॅथायरिझम म्हणतात.

मुलानं एखाददुसरा दाणा खाल्ला असेल तर?

घाबरून जाऊ नका. वर सांगितलेला परिणाम सतत, भरपूर खाण्यातून होणारा आहे. चुकून तोंडात गेलेल्या एकदोन दाण्यांनी सहसा काही बिघडत नाही. तोंडातलं काढून टाका, चूळ भरायला लावा, मुद्दाम उलटी करवू नका. डॉक्टरांना कळवा आणि जाताना वेलीचा तुकडा शेंगेसकट बरोबर न्या. किती खाल्लं हे माहीत नसेल, मूल फार लहान असेल किंवा उलट्या, पोटदुखी, सुस्ती दिसत असेल तर वाट बघू नका.

लाखेच्या डाळीनं पाय लुळे पडतात म्हणतात, ते हेच का?

नाव जवळचं, विकार वेगळा. लाख म्हणजे लॅथायरस सटायव्हस, स्वीट पीचीच चुलत बहीण. तिच्यात ओडॅप नावाचं निराळं द्रव्य असतं आणि त्याचा मारा चेतासंस्थेवर होतो. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून ती खाल्ली तर पाय कायमचे अधू होऊ शकतात. स्वीट पीचं द्रव्य हाडांवर आणि रक्तवाहिन्यांवर जातं. दोन्ही विकारांच्या नावात 'लॅथायरिझम' येत असल्यामुळे लिहिणारेसुद्धा त्यांची सरमिसळ करतात.

फुलं यायच्या आधी दोन्ही वेली ओळखायच्या कशा?

डोळे मिटून ओळखता येतात. खरंच. वेलीचं खोड अंगठा आणि तर्जनीत हलकंच धरा आणि वरखाली सरकवा. वाटाण्याचं खोड गुळगुळीत लागतं, आतून पोकळ, त्यावर मेणासारखा पांढुरका हात असतो जो बोटाला पुसला जातो. स्वीट पीच्या खोडाला दोन बाजूंनी पातळ पट्ट्या असतात, कापडाच्या शिवणीला सोडलेल्या काठासारख्या. बोट त्यांना अडतं. शिवाय बारीक लव असते, ती खरखरीत लागते.

आता डोळे उघडा आणि पान जिथे खोडाला चिकटतं तिथे बघा. वाटाण्याला त्या जागी दोन भलीमोठी उपपर्णं असतात. ती पानाच्या पर्णिकांपेक्षाही मोठी असून खोडाला मिठी मारल्यासारखी दोन्हीकडून बसलेली असतात. पुष्कळ जण त्यांनाच पान समजतात. स्वीट पीची उपपर्णं अरुंद, टोकदार, शोधावी लागतील इतकी किरकोळ. माझ्या मते ही एकच खूण पुरेशी आहे. बाकीच्या खात्री करण्यापुरत्या.

पर्णिका मोजायच्या तर स्वीट पीला एकच जोडी आणि पुढे फाटे फुटलेला तणावा. वाटाण्याला एक ते तीन जोड्या. पण कोवळ्या वाटाण्याच्या खालच्या पानांना एकच जोडी असू शकते, त्यामुळे रोप लहान असताना मोजण्याच्या भानगडीत पडू नका.

फुलांवरून सांगता येत नाही का?

येतं, पण वाटतं तितकं सरळ नाही. दोन्ही फुलांची घडण एकच: मागे उभी मोठी ध्वजाची पाकळी, बाजूला दोन पंख, मध्ये होडीसारखी मिटलेली नौतल पाकळी, आणि तिच्या आत दहा पुंकेसर, नऊ एकत्र जोडलेले, दहावा सुटा. फरक वासाचा, आकाराचा आणि संख्येचा. स्वीट पीच्या लांब दांड्यावर तीन-चार किंवा जास्त मोठी फुलं येतात. वाटाण्याच्या आखूड दांड्यावर एक किंवा दोन, आणि त्यांना सांगण्यासारखा वास नसतो.

रंगावर मात्र विसंबू नका. 'पांढरं म्हणजे वाटाणा, जांभळं म्हणजे स्वीट पी' हा ठोकताळा दोन्ही बाजूंनी फसतो. जांभळ्या फुलांचे वाटाणे आहेत, पांढऱ्या स्वीट पीही आहेत. जांभळ्या फुलाच्या वाटाण्याची गंमत अशी की फूल यायच्या कितीतरी आधी त्याच्या उपपर्णांच्या बुडाशी जांभळट कडं दिसतं.

शेंगा आणि बियांचं काय?

वाटाण्याची शेंग गुळगुळीत, भरदार. स्वीट पीची शेंग चपटसर आणि लवदार. उन्हात धरली की कडेनं लव चमकते. स्वीट पीचं वाळलेलं बी मिरीच्या दाण्याएवढं, तपकिरी-काळं किंवा ठिपक्यांचं. वाटाणा त्याहून मोठा, हिरवा, पिवळट किंवा भुरकट.

तरीही बिया मिसळल्या तर निवडत बसू नका, असं मी अनुभवावरून सांगतो. एका हंगामात दोन्हींच्या बिया मी बिनानावाच्या कागदी पुड्यांत ठेवल्या होत्या, 'लक्षात राहील' या भरवशावर. त्यातला वाटाणा जांभळ्या फुलांचा, बारीक, भुरकट दाण्याचा होता. पण लक्षात राहिलं नाही. वाफ्यात दोन्ही उगवल्या, एकाच जाळीवर चढल्या आणि एकमेकींत अशा गुंतल्या की शेंगेचा देठ कुठल्या खोडाला जातो हे बोटानं मागोवा घेत शोधावं लागायचं. त्या जाळीवरची एकही शेंग आम्ही खाल्ली नाही. तेव्हापासून पुडीवर नाव, आणि दोन वेलींना दोन वेगळे आधार. मध्ये दुसरं काहीतरी लावतो.

शेजारी लावले तर संकर होऊन वाटाणा विषारी होईल का?

नाही. दोन्ही वनस्पतींत गुणसूत्रांच्या सात-सात जोड्या असल्या तरी त्यांचा आपसांत संकर होत नाही. समजा झालाच असता, तरी यंदाच्या शेंगेतल्या टरफलात फरक पडला नसता. पडला असता तो दाण्यात आणि पुढच्या पिढीत.

आणखी एक गोष्ट. दोघींचीही फुलं उमलण्याआधीच आतल्या आत स्वपरागण उरकतात. मिटलेल्या नौतल पाकळीत परागकण स्त्रीकेसरावर पडून मोकळे होतात आणि मग फूल उघडतं. म्हणून एकाच जातीचं शुद्ध बी घरी धरणं या दोन वेलींत सोपं आहे.

हाच गुण विज्ञानाच्या कामी आला. ग्रेगोर मेंडेलनं ब्रनोच्या मठात १८५६ ते १८६३ वाटाण्यावर प्रयोग केले. हवा तो संकर करायचा तर कळी उघडून पुंकेसर चिमट्यानं काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे. एरवी झाड आपलं आपण शुद्ध राहतं. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या प्रयोगात दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ तिनास एक. निबंध १८६६ मध्ये छापला गेला.

स्वीट पी नुसती शोभेची म्हणून तिला कमी लेखू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट यांनी दोन पांढऱ्या स्वीट पींचा संकर केला, तर पुढची पिढी जांभळी निघाली! रंग तयार व्हायला दोन टप्पे लागतात. एका पांढरीत एक टप्पा तुटलेला, दुसरीत दुसरा, आणि संतती मात्र दोन्ही बाजूंनी भरून निघालेली. तिच्या पुढच्या पिढीत रंगीत आणि पांढऱ्यांचं प्रमाण आलं ९ : ७. त्यांनाच स्वीट पीत असंही दिसलं की फुलाचा रंग आणि परागकणाचा आकार सुटे सुटे न जाता बरोबर जातात. वेगवेगळे गुण पुढच्या पिढीत सुटे सुटे जातात या मेंडेलच्या नियमाला हा पहिला मोठा अपवाद. त्याचा उलगडा पुढे थॉमस मॉर्गनच्या फळमाश्यांनी केला. थोडक्यात, नियम वाटाण्यानं शिकवला आणि त्याची मुरड स्वीट पीनं.

मग या दोघींचं नातं किती जवळचं?

कूळ एकच, शेंगवर्गीय. त्यातही एकाच उपगटातल्या. मसूर आणि बाकला हेही त्याच घरातले. जनुकीय अभ्यासानंतर काही वनस्पतिशास्त्रज्ञ वाटाण्याला लॅथायरस प्रजातीतच बसवतात आणि त्याला लॅथायरस ओलेरेसियस म्हणतात. म्हणजे त्या हिशेबानं वाटाणा आणि स्वीट पी एकाच आडनावाचे झाले. पाकिटांवर अजून जुनंच नाव चालतं, आणि ओळखण्याच्या दृष्टीनं ते सोयीचंच आहे.

आधार कशाचा द्यावा?

बारीक. जाड बांबू रोवून 'चढत का नाही' विचारणारे बरेच भेटतात. घेवडा किंवा गोकर्ण खोडानं पिळे घालत चढते. वाटाणा आणि स्वीट पी खोडानं चढत नाहीत, तणाव्यानं पकडतात. तणावा म्हणजे रूप बदललेली पर्णिकाच. तो हवेत हळूहळू फिरत राहतो, काही लागलं की त्याभोवती वळतो. पेन्सिलीहून जाड वस्तूला त्याला नीट वेढा घालता येत नाही. म्हणून सुतळी, जाळी किंवा फाटे असलेल्या वाळक्या काटक्या. बांबू रोवायचेच तर ते सुतळी ताणण्यापुरते.

उंची जातीवर. वाटाण्याच्या बुटक्या जाती गुडघ्याएवढ्या राहतात, उंच जाती दीड-दोन मीटर. स्वीट पी दोन मीटरपर्यंत सहज जाते. वाटाण्याच्या काही जातींत जवळजवळ सगळ्या पर्णिकांचे तणावेच झालेले असतात. ती झाडं एकमेकांनाच धरून उभी राहतात. दिसायला तारांचा गुंता, पण आधाराचा खर्च वाचतो.

पेरणी कधी आणि कशी?

दोघींना थंड हवा हवी. उन्हाळा पोटात घेऊन वाढणाऱ्या या वेली नाहीत. दिवसाचं तापमान ३० अंशांच्या वर टिकून राहिलं की वाटाण्याची फुलं गळतात आणि स्वीट पी पिवळी पडून आटोपतं घेते. तुमच्याकडे थंडी कडक असेल तर ती ओसरताना पेरा, सौम्य असेल तर तिच्या तोंडावर.

वाटाणा ३ ते ५ सेंटिमीटर खोल, दोन दाण्यांत ५ ते ८ सेंटिमीटर. स्वीट पी थोडी वर, आणि रोपांत १५ सेंटिमीटर तरी अंतर. स्वीट पीचं बी रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी बहुतेक दाणे फुगलेले दिसतील. जे तसेच टणक राहिले असतील त्यांच्या कवचाला नखकटरनं एक बारीक खोच द्या, बी जिथे शेंगेला चिकटलेलं होतं ती जागा सोडून. वाटाण्याला हे लाड लागत नाहीत.

स्वीट पीला दोन-तीन पानं आली की शेंडा खुडा. जिवावर येतं, पण बाजूनं फुटवे येतात आणि फुलं त्यांच्यावर भरपूर लागतात.

खत किती?

नत्र जवळजवळ नकोच. दोघींच्या मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी येतात आणि ते हवेतला नत्र वेलीला मिळवून देतात. दोघींना चालणारी जिवाणूंची जातही एकच आहे. एखादं रोप उपटून गाठ नखानं फोडा. आत गुलाबी-लालसर दिसली तर काम सुरू आहे. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या द्रव्याच्या भावकीतला. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती अजून लागलेली नाही किंवा संपली. वरून नत्र ओतलं तर पाला माजतो, फुलं राहतात. कुजलेलं खत आधी मातीत मिसळलं की पुरे.

स्वीट पीची फुलं तोडली तर वेल खराब होईल का?

उलट आहे. न तोडल्यानं होईल. बी धरणं हा वेलीचा हेतू. तो साधला की तिला फुलायचं कारण उरत नाही. दिवसाआड फुलं कापा, फुलदाणी भरली तरी कापा, आणि चुकून राहिलेल्या लवदार शेंगा दिसतील तशा काढून टाका. यात घरातल्या मुलांच्या सुरक्षिततेचंही काम होतं.

वाटाण्याला हाच नियम शेंगेपुरता लागू आहे. भरलेल्या शेंगा वेळेवर काढल्या तर वेल आणखी धरते.

वाटाण्याचं काय काय खाता येतं?

दाणे तर आहेतच. त्याशिवाय कोवळे शेंडे, तणावे आणि फुलंही. पण हे फक्त वाटाण्याचं, आणि वेल वाटाण्याचीच आहे याची खात्री असेल तरच.

सालीसकट खायच्या जातीही आहेत. सोलायच्या शेंगेच्या आत कागदासारखा चिवट पापुद्रा असतो, तो चावत नाही. चपट्या कोवळ्या शेंगांच्या जातींत तो नसतो. जाड, रसाळ सालीच्या शेंगेची आजची प्रसिद्ध जात १९७९ मध्ये आली.

गोडीचं रहस्य सुरकुत्यांत आहे. मेंडेलच्या सुरकुतलेल्या दाण्यात पिष्ट बनवणारं एक विकर बिघडलेलं असतं. त्याच्या जनुकात मध्येच डीएनएचा एक परका तुकडा घुसलेला आहे, हे १९९० साली सापडलं. साखरेचं पिष्ट पुरतं होत नाही, दाण्यात साखर आणि पाणी जास्त राहतं, आणि वाळताना ते पाणी गेलं की दाणा आक्रसतो. म्हणून हिरवा खायला सुरकुत्या पडणारी जात लावा, वाळवून साठवायला गोल. तोडल्यावर दाण्यातली साखर भराभर पिष्टात बदलत जाते, तेव्हा शेंगा शिजवायच्या वेळीच तोडणं उत्तम, नाहीतर लगेच गारव्यात ठेवा.

१०० ग्रॅम कच्च्या हिरव्या दाण्यांत सुमारे ८१ किलोकॅलरी, ५.४ ग्रॅम प्रथिनं आणि ४० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं.

स्वीट पी मूळची कुठली?

सिसिली आणि दक्षिण इटलीची. फ्रान्सिस्को कुपानी या सिसिलीतल्या संन्याशानं १६९९ मध्ये तिचं बी इंग्लंडमध्ये एन्फिल्डच्या रॉबर्ट युवेडेल या शिक्षकाला पाठवलं. ती फुलं लहान, जांभळी-किरमिजी आणि वास मात्र घमघमणारा. पुढे हेन्री एकफर्डनं एकोणिसाव्या शतकात मोठ्या फुलांच्या जाती काढल्या. १९०० साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात मांडलेल्या २६४ जातींपैकी ११५ त्याच्या होत्या. १९०१ मध्ये सायलस कोल या माळ्यानं झालरीच्या पाकळ्यांची 'काउंटेस स्पेन्सर' आणली आणि सगळे तिच्या मागे लागले. पाकळ्या वाढल्या, वास पातळ झाला. मला विचाराल तर वासासाठी जुन्या लहान फुलांच्याच जाती लावा.

वाटाण्याचा इतिहास याच्या कितीतरी मागचा. पश्चिम आशियात शेती सुरू झाली तेव्हापासून, म्हणजे सुमारे १०,००० वर्षं, तो माणसाबरोबर आहे.

पिवळी स्वीट पी मिळेल का?

खरी पिवळी नाही. मलईसारखी मिळेल. कुणी गडद पिवळ्या फुलांचं चित्र दाखवून बी विकत असेल तर घेऊ नका.

बारमाही स्वीट पी म्हणतात ती खाता येते का?

तीही नाही. ती लॅथायरस लॅटिफोलियस, दरवर्षी मुळापासून फुटणारी, जवळजवळ बिनवासाची.

हंगाम संपल्यावर वेलींचं काय करायचं?

दोन्ही जमिनीलगत कापा, मुळं आत राहू द्या. गाठी कुजल्या की त्यातला नत्र पुढच्या पिकाला मिळतो. वाटाण्याचा पाला जनावरांना चालतो. स्वीट पीचा घालू नका, विशेषतः शेंगा असतील तर. तो कंपोस्टमध्ये टाकायला हरकत नाही, पण आधी वाळलेल्या शेंगा वेचून घ्या. त्या उन्हात तडकतात, बी लांब उडतं, आणि पुढच्या हंगामात वाटाण्याच्या वाफ्यात एखादं खरखरीत, काठ सोडलेलं खोड वर आलेलं दिसतं.